स्वयंपाक कोण करतं?

बुधवारी दुपारी तो फोन आला तेव्हा सुयश म्हस्केची गाडी गुलमंडीच्या गर्दीतून नुकतीच सुटून मिल कॉर्नरच्या सिग्नलला थांबली होती. फोन गाडीच्या स्पीकरवर वाजला, कारण गाडी नवी असताना ती सोय त्याने हौसेने जोडून घेतली होती आणि ती बंद कशी करायची हे त्याला आजवर उमगलं नव्हतं. शेजारच्या सीटवर त्याची आई, मालनबाई, मसाल्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पुण्याहून कुणी मोनिका बोलत होती. शनिवारी येतोय, चौघं आहोत, मोठा तंबू हवा, बाथरूम आतच आहे ना, गाडी वरपर्यंत येते ना. सगळं नेहमीचंच. सुयशही नेहमीच्या आवाजात, जी मॅडम, हो मॅडम करत उत्तरं देत होता. मग तिने विचारलं, "आणि तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?" बास, एवढंच. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. "गावातल्या एक बाई आहेत," सुयश म्हणाला, आणि कुणी विचारलेलं नसताना पुढे म्हणाला, "स्वच्छ असतात. चांगल्या घरच्या आहेत. तुम्ही काही काळजी करू नका." ती "नाही, म्हणजे मला..." असं काहीतरी म्हणू लागली, तोवर त्याने "सिग्नलला आहे मॅडम, बाकीचं व्हॉट्सॲपला टाकतो" म्हणून फोन ठेवूनही दिला. गाडी पुढे निघाली. आईने पिशवीचे बंद एकदा सोडले आणि पुन्हा बांधले. "काच जरा खाली घे," ती म्हणाली. "मसाल्याचा वास कोंडलाय."

स्वयंपाक आईच करायची. दिवाळीत तंबू उभे राहिले तेव्हापासून दर शनिवार-रविवारी, खुलताबादच्या पुढे म्हैसमाळच्या रस्त्याला लागलेल्या त्या दीड एकरावर, जे कुणी जेवून गेलं ते तिच्याच हातचं जेवून गेलं होतं. आणि तिला कुणी त्यासाठी गळ घातली नव्हती. वाळूजच्या कंपनीत वीस वर्षं खरेदी खात्यात खर्डेघाशी करून कंटाळलेल्या सुयशने ही कल्पना घरात मांडली, तेव्हा त्याची बायको संध्या हिशेबाच्या गोष्टी विचारत होती आणि आई नुसती हसत होती. पलंग, गादी, पंखा, आरसा आणि वर कापडाचं छप्पर, याला ग्लॅम्पिंग म्हणतात, असं त्याने मोबाइलवर फोटो दाखवून समजावलं. "म्हंजी पालातच राह्यचं," आई म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तवा आम्ही चार महिने पालात होतो. त्याचे कुणी पैसे घेतले नाय आमच्याकून." त्या संध्याकाळी ती स्वतःशीच पुन्हा पुन्हा हसली, आणि झोपायला जाताना दारात थांबून म्हणाली, "पण त्यांला जेवायला कोण घालणार?" कुणी उत्तर द्यायच्या आत तिनेच सांगितलं, "मी घालीन."

घालणारच होती ती. बावीस वर्षं तिने मुलांच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये भाकरी थापल्या होत्या. शहरात कुठेही जा, बँकेत, दवाखान्यात, भाजीबाजारात, एखादा टक्कल पडलेला माणूस, कुठला तरी तहसीलदार नाही तर प्राध्यापक, वाकून तिच्या पाया पडायचा. "मावशी, वळखलं का?" तिला कुणीच ओळखू यायचं नाही, पण ती म्हणायची, "वळखलं की. तू दोन भाकरी जास्तीच्या मागायचा." आणि प्रत्येकाला ते पटायचं, कारण त्या वयात दोन भाकरी जास्तीच्या कोण मागत नाही? लहानपणी सुयशला या सगळ्याचा अभिमान वाटायचा. मोठेपणीही वाटायचा. बुधवारी दुपारी दोन वाजेपर्यंत वाटत होता, असं म्हणायला हरकत नाही.

घरी पोचल्यावर आईने पिशव्या ओट्यावर ठेवल्या, हातपाय धुतले, चहा ठेवला आणि शनिवारी माणसं किती ते विचारलं. "चार," तो म्हणाला. "वांगी करते मग भरून," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं ऐकत तो कप हातात घेऊन उभा राहिला. तिने विचारायला हवं होतं. का रं, मी कुणाच्या घरची? एवढं जरी तिने विचारलं असतं तरी तो खाली बसून, तिचे गुडघे धरून, रडला असता की काय कोण जाणे. निदान काहीतरी बोलला असता. पण ती आलं किसत होती. संध्या शाळेतून आली तेव्हा त्याने तिला फोनचं सांगितलं, अर्धंच. "बुकिंगवाल्या बाईने विचारलं, स्वयंपाक कोण करतं म्हणून." संध्या पर्स खुंटीला अडकवत म्हणाली, "मग? विचारतात लोक. पोटं बिघडतात ना त्यांची. तू काय सांगितलंस?" "आई करते म्हणून सांगितलं," सुयश म्हणाला. सकाळी उठला तेव्हा या माणसाच्या नावावर एकही खोटं नव्हतं आणि दिवेलागणीपर्यंत दोन झाली होती. आई दोन हातांच्या अंतरावर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

त्याचे वडील असते तर ही वेळच आली नसती. कडुबा म्हस्के बिडकीनच्या बाजूच्या एका गावातून एकोणिसाव्या वर्षी निघाले ते पुन्हा त्या गावात एक रात्र झोपले नाहीत. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात शिपायाचे कारकून झाले. म्हस्के आडनाव असं की ते ऐकून कुणालाच काही नक्की ठरवता येत नाही, म्हणून लोक हटकून पुढचा प्रश्न विचारतात, कुठले म्हस्के? वडील तो प्रश्न येऊच द्यायचे नाहीत. "मी म्हस्के. आम्ही बौद्ध," असं ते एका दमात सांगायचे, घड्याळात किती वाजले हे सांगावं तसं, आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता आपल्या कामाला लागायचे. सुयशला लहानपणी त्याची लाज वाटायची. मग कॉलेजात असताना त्या लाजेची लाज वाटली. पुढे नोकरीत दोन्ही विरून गेलं, आणि बुकिंगच्या साइटवर यजमानाचं नाव भरताना त्याने नुसतं 'सुयश' लिहिलं. लहान नाव लोकांच्या लक्षात राहतं, असं तो संध्याला म्हणाला होता. संध्या नुसतं "हं" म्हणाली होती. त्या 'हं'चा अर्थ त्याने तेव्हा लावला नाही, कारण तो अगदी लख्ख समोर होता.

फाटकाशी त्याने बुद्धाची मूर्ती बसवली होती, काळ्या दगडाची, कमरेएवढी. येणारे लोक तिच्यापाशी फोटो काढायचे. हॉटेलांतून, ब्युटी पार्लरांतून असते तशीच ही, असं त्यांना वाटायचं, आणि ती बसवताना सुयशला हे पक्कं माहीत होतं. आई आली की गाडीतून उतरून आधी तिथं हात जोडायची, मग पदर खोचून स्वयंपाकघराकडे जायची. एकच मूर्ती, पण दोघांचंही भागवायची, आणि त्याला ही आपली हुशारी वाटली होती. बाबासाहेबांचा फोटो मात्र तसा दोघांचं भागवणारा नव्हता. तो आईने स्वतः फ्रेम करून आणला होता, जेवणाच्या मांडवात समोरच लावायचा म्हणून. भिंत कापडी आहे, खिळा बसत नाही, बघू, असं सुयश म्हणाला. त्यानंतर त्याच कापडी भिंतीवर वारली चित्राची चौकट लागली, आरसा लागला, भुसावळचा एक जुना कंदील लागला. आईने पुन्हा विषय काढला नाही. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळलेला, गहू-तांदळाच्या कोठीमागे उभा होता. गुरुवारी सकाळी ऑफिसच्या रस्त्याला लागल्यावर (नोकरी अजून सोडली नव्हती, तेवढी हिंमत झाली नव्हती; बुधवारी अर्धी रजा टाकली होती) त्याला अचानक हे सगळं एका ओळीत दिसलं, नाव, मूर्ती, फोटो, फोन. बुधवारचा फोन ही चूक नव्हती. ती सवय होती, आणि ती बरीच जुनी निघाली.

किती जुनी? सहावीत असताना त्याचा सत्यम नावाचा मित्र होता. सुट्टीत त्याच्या घरी जाताना आईने धपाटे करून दिले होते, पितळी डब्यात, वर दह्याची वाटी. सत्यमच्या आईने एक खाल्ला, अर्धा खाल्ला, डोळे मिटून म्हणाली, "काय सुरेख झालेत रे. कुणी केले?" "आईने." "काय करते तुझी आई?" "वसतिगृहात स्वयंपाक करते." "कुठल्या?" त्याने नाव सांगितलं, बाबासाहेबांच्या नावाचं होतं ते. सत्यमच्या आईने छान म्हणून मान डोलावली, ताटली पडवीच्या कठड्यावर ठेवली आणि आत निघून गेली. पोरं खेळत राहिली. दुपार उतरली, ताटली तिथंच. अर्धा धपाटा, त्यावर मुंग्या. ती विसरली असेल. तिचं पोट भरलं असेल. आतून कुणी हाक मारली असेल. आज तीस वर्षांनंतरही सुयश खात्रीने काही सांगू शकत नव्हता, आणि खरं दुखणं तेच होतं. कुणी तोंडावर शिवी दिली तर माणूस निदान भांडतो. पडवीच्या कठड्याशी काय भांडणार? डबा परत नेताना त्याने ते उरलेले धपाटे रस्त्यात कुत्र्याला घातले आणि घरी सांगितलं, सगळे संपले. आई केवढी खूश झाली होती.

शुक्रवारपर्यंत त्याने त्या मोनिकाचा पिच्छा पुरवला. बुकिंगवर आडनाव नव्हतं. व्हॉट्सॲपवर नुसतं 'मोनिका', आणि फोटोच्या जागी एक तपकिरी कुत्रा. आपण आडनाव लपवतो म्हणून वैतागणारा हा माणूस तिच्या आडनावासाठी तासभर मोबाइल खाजवत बसला, हे त्याच्याही लक्षात आलं, पण हात थांबला नाही. मग त्याने तिचा आवाज आठवून पाहिला. ती जेवण म्हणाली नव्हती, स्वयंपाक म्हणाली होती. 'कोण बनवतं' नाही, 'कोण करतं'. त्यातला ण कसा होता? तो ण चांगला ठसठशीत होता असं त्याला कधी वाटे, कधी नव्हता असं वाटे. आणि या उलटतपासणीत हळूहळू एक वाक्य तयार झालं. "माझी आई करते. चालत नसेल तर खुलताबादला हॉटेलं आहेत." ते त्याने गाडीत म्हणून पाहिलं, लिफ्टमध्ये म्हणून पाहिलं, आंघोळ करताना तर मोठ्याने म्हटलं. म्हणताना छाती भरून यायची. वडिलांसारखा आवाज लागायचा. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. त्या अनोळखी बाईचा त्याला मनापासून राग येऊ लागला, आणि तो राग उबदार होता, त्यात शिरून बसता येत होतं. शनिवारी ती येईल, नाक मुरडेल, आणि आपण हे वाक्य तिच्या तोंडावर फेकू. आईच्या देखत. म्हणजे सगळं फिटलं.

शनिवारी सकाळीच मायलेक जागेवर पोचले. राखणीला असलेला पुंजाराम तंबूंच्या पायऱ्या झाडत होता. हा गडी खालच्या गावचा, साठीचा, कामाला वाघ. पण दुपारचा डबा रोज घरून आणायचा आणि लिंबाखाली एकटा बसून खायचा. "अहो, इथं चार माणसांचं होतं, तुमचं नाय व्हणार का?" आई पहिल्या आठवड्यात त्याला म्हणाली होती. "पथ्य हाय मावशी, तिखट चालत नाय," तो म्हणाला होता. आई त्याच्यासाठी कमी तिखटाचं वेगळं काढून ठेवायची, आणि संध्याकाळी ते तसंच परत आणायची. त्याच्या पथ्याचा कागद मागायला कोण जाणार? आजही तिने ते वेगळं काढून ठेवलेलं सुयशला दिसलं. मग तिने चूल पेटवली. ही चूल पाहुण्यांना आवडते म्हणून होती. आई अजून तिच्यावर नाराजच होती. "गॅस असताना धूर खायचा. आणि त्याचे लोकं पैसे देतेत," असं ती दर शनिवारी म्हणायची. या शनिवारी म्हणाली नाही. सुयश दोनदा दारापर्यंत गेला. बुधवारचं बोलायचं होतं. दोनदा पाण्याच्या टाकीचं काहीतरी विचारून परत आला.

चारच्या सुमाराला पुण्याची गाडी वर आली. मोनिका, तिचा नवरा, सासरे आणि सहा-सात वर्षांची एक मुलगी. मोनिका पस्तिशीची, केस विस्कटलेले, टी-शर्टावर प्रवासात सांडलेल्या ज्यूसचा डाग. सासऱ्यांनी मूर्तीपाशी फोटो काढला. मुलगी तंबूतल्या पलंगावर उड्या मारू लागली. सुयश वाट बघत होता. तिने पाणी मागितलं, मडक्यातलं, आणि घटाघटा प्यायली. तिने गवती चहाचा वास घेतला. तिने काहीच केलं नाही, आणि त्याचा राग हातातल्या हातात गार होत चालला, तो त्याला जपून धरता येईना. तेवढ्यात तिने चपला सरकवल्या आणि म्हणाली, "त्या स्वयंपाक करणाऱ्या बाई कुठे आहेत? मला त्यांना भेटायचंय." आलं, त्याला वाटलं. बरं झालं आलं. तंबूपासून स्वयंपाकघर वीसएक पावलांवर. तेवढ्या पावलांत त्याने ते वाक्य तीनदा मनात म्हटलं. वाक्य जागेवर होतं.

आई चुलीपुढे पाटावर बसली होती, आणि तिने एप्रन घातला होता. कॅम्पचं नाव छापलेले असे हिरवे एप्रन त्याने मागे नोकरमाणसांसाठी म्हणून चार आणले होते; तेव्हा आई हसून म्हणाली होती, लेकाच्या घरात मला कशाला ही झूल. आज त्यातला एक तिने लुगड्यावरून, पाठीमागे नीट गाठ मारून बांधला होता. ते पाहिलं आणि सुयशचे पाय दारातच थांबले. मोनिका मात्र सरळ आत गेली आणि आईच्या समोर उकिडवी बसली. "मावशी, तुमच्याशी एक बोलायचं होतं. फोनवर ह्यांना म्हणूनच विचारत होते, स्वयंपाक कोण करतं, पण फोन कट झाला. माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. जरासा कूट जरी पोटात गेला ना, तरी घसा सुजतो. मागच्या वर्षी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. मालकांना सांगितलं की ते विसरतात, म्हणून मी नेहमी जी बाई करते तिच्याशीच बोलते." चुलीवर पातेलं रटरटत होतं. त्यात आठ वांगी होती, आणि प्रत्येक वांग्यात आईने सकाळी कुटलेला शेंगदाण्याचा कूट दाबून भरला होता.

सुयशला वाटलं, जमीन दुभंगत वगैरे नाही, ती तशीच कडक राहते आणि आपल्याला तिच्यावर उभं राहावं लागतं. एवढंच विचारत होती ती बाई. पोरीसाठी. आणि आपण तिला अर्ध्यात तोडलं, तिला कुणाचं तरी सोवळं चिकटवलं, आणि आईला विकलं. आता बोल, त्याने स्वतःला सांगितलं. ही माझी आई आहे. चार शब्द. पण तीन दिवस घासून ठेवलेलं ते वाक्य या बाईसाठी नव्हतं, तिच्यावर फेकण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं, आणि रागाशिवाय ते उचलता येईना. तो म्हणेल, ही माझी आई. ती सहज म्हणेल, हो? मग फोनवर गावातल्या बाई का म्हणालात? आणि त्याला उत्तर म्हणून कठड्यावरची ताटली सांगावी लागेल, वडील सांगावे लागतील, कोठीमागचा फोटो सांगावा लागेल, सगळं सांगावं लागेल, या ज्यूस सांडलेल्या भल्या बाईला, आणि ती कावरीबावरी होऊन सॉरी म्हणेल, आपला काही दोष नसताना. त्याने तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. बुधवारपासून पहिल्यांदा तिने त्याच्याकडे असं सरळ पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तरी त्याला चाललं असतं. त्यात काळजी होती. लेकरू उन्हात चाललंय आणि त्याच्या पायात काही नाही, तसं बघत होती.

"सांगितलं ते लई बरं झालं बाई," ती मोनिकाला म्हणाली. पातेल्याखालचं लाकूड तिने बाहेर ओढलं, फडक्याने पातेलं धरून खाली उतरवलं. "ह्याच्यात कूट हाय. हे तुम्हाला वाढत नाय. मेथी हाय, डाळ घालून करते, पोरीसाठी तवा पण घासून घेते, येगळा." मोनिकाने तिच्या हातावर हात ठेवला. "तुम्हाला उगाच त्रास, मावशी." "तरास कशाचा. कामच हाय आमचं." "इथं बरेच दिवस आहात का तुम्ही?" आईने मेथीची जुडी पुढ्यात ओढली, तिचा दोरा सोडला. "दिवाळीपासून," ती म्हणाली. "साहेब चांगले हायत. पगार येळेवर देतेत."

मोनिकाने वळून सुयशकडे पाहिलं आणि कौतुकाने हसली. सुयशही हसला असावा, कारण त्याचे गाल ताणल्याचं त्याला जाणवलं. आई मेथी निवडत होती. तिची बोटं भराभर चालत होती, पानं एकीकडे, काड्या एकीकडे. ओढून काढलेलं लाकूड विझता विझता धूर सोडत होतं आणि तो धूर दाराकडे, त्याच्या अंगावर येत होता.

"साहेब," आई म्हणाली, मान वर न करता, "तुम्ही भाईर बसा. इथं डोळ्यात धूर जाईल."

आणि तो बाहेर जाऊन बसला.